आत लाल पावडर आढळली

श्यामलाआत्याची एकच अट आहे. हे लिहायचंच असेल तर कंपनीचं नाव लिहायचं नाही. "भीती म्हणून नव्हे गं. फुकट जाहिरात कशाला?" म्हणून कंपनीला मी नुसतं कंपनी म्हणणार आहे.

आत्या ही माझ्या बाबांची मोठी बहीण. कसबा पेठेत आमच्या घराखाली एका शटरच्या खोलीत तिचं पोळी-भाजी केंद्र आहे. बावीस वर्षं झाली. नोकर नाही. भाजी कधी आई चिरते, कधी मी, आणि मी चिरली की त्या दिवशी गिऱ्हाईकं विचारतात, "आज काय, सुरीला सुट्टी होती का?" पोळ्या मात्र आत्याच लाटायची. रोज अडीचशे. घडीच्या, तेल लावून, कडा पातळ.

"पोळ्या गरम आहेत ना हो?"

"तव्यावरून उतरतात तेव्हा गरमच असतात. तुम्ही दीड वाजता उगवलात, त्याला पोळी काय करणार?"

एवढं ऐकून माणूस पोळ्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडलाच येतो. हे असं बावीस वर्षं चाललं होतं.

मागच्या पावसाळ्यात आत्याचं उजवं मनगट सुजायला लागलं. आधी तिने पट्टी बांधली, मग कसलंसं तेल चोळलं, मग आईने ओढून नेलं तेव्हा डॉक्टरांकडे गेली.

"श्यामलाबाई, आणखी वर्षभर असंच लाटत राहिलात तर ह्या हातात चहाचा कप धरता येणार नाही."

"डाव्याने पिईन."

"आणि पोळ्या? त्याही डाव्याने लाटाल?"

 

म्हणून मशीन. एका प्रदर्शनात बघून ठेवलेलं. उंडा ठेवायचा, हँडल दाबायचं, गोल लाटलेली पोळी बाहेर. भाजायची आपण. लाटणं गेलं की मनगट वाचलं, असा सरळ हिशोब. किंमत चौऱ्याऐंशी हजार, वर्षभराच्या हप्त्यांवर. विकायला आलेल्या मुलाचं नाव अभय. केसांना जेल, शर्टावर कंपनीचं चिन्ह.

"मॅम, बेसिकली ह्यात तुम्हाला काहीच करायचं नाहीये. बेसिकली उंडा ठेवायचा, बेसिकली हँडल दाबायचं."

"आणि बेसिक सोडून काय करायचं असतं?"

"काहीच नाही मॅम. बेसिकली एन्जॉय."

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मशीन आलं. बरोबर अभय, आणि अभयच्या हातात कंपनीची कापडी पिशवी. पिशवीत रिबन बांधलेला नारळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या. "वेलकम किट, मॅम." आत्या तिथेच विरघळली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माणसं संस्कारी दिसतात गं."

आता आमच्याकडे नवीन वस्तू आली की कुंकू लागणारच. फ्रिजला लागलं, बाबांच्या स्कूटरला लागलं, माझ्या लॅपटॉपलाही लागलं, तो आजतागायत कडेला गुलाबी आहे. प्रश्न एवढाच, की मशीनचं कपाळ कुठलं?

"मॅम, इथे. लोगोच्या वर."

लोगोच्या वर हवा जायला बारीक फटी होत्या. आत्याने पाच बोटं भरून कुंकू लावलं. हात सढळ आहे तिचा, तेलाला नाही पण कुंकवाला आहे. मग नारळ. आत्या उंबऱ्यावर फोडायला निघाली तर अभय धावला. "मॅम, टाइल्स क्रॅक होतील, द्या इकडे." आणि त्याने मशीनच्याच लोखंडी कडेवर ठॉक करून हाणला. पाणी उडालं. थोडं आत्यावर, थोडं अभयवर आणि बरंच लोगोवर. अभयने रुमालाने पुसलं.

"असू दे हो, शुभ असतं," आत्या म्हणाली.

"मॅम, स्माईल," अभय म्हणाला आणि एका हातात अर्धा नारळ धरून दुसऱ्या हाताने सेल्फी काढला.

मशीन अकरा दिवस चाललं. अकरा दिवस आत्या मनगटावर पट्टी न बांधता वावरली आणि मशीनशी बोलली. "हं, ही जरा जाड झाली. ही बघ, ही जमली." बाराव्या दिवशी सकाळी जळका वास आला, मशीनने तीन शिट्ट्या दिल्या आणि ते मिटलं.

कंपनीला फोन. आधी संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा संगीत. चाळीस मिनिटांनी एक मुलगी आली. आवाज इतका गोड की मला दात किडल्यासारखं झालं.

"मॅडम, आपल्याला जी असुविधा झाली आहे त्याच्यासाठी आम्ही क्षमा चाहतो."

"चाहू नका. माणूस पाठवा."

"मॅडम, मी आपली तक्रार पुढे पाठवलेली आहे."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे, मॅडम."

"पुढे कोण बसतं?"

"मॅडम, मी आपली आणखी काही सहायता करू शकते का?"

"आणखी? अगं, पहिलीच कुठे झालीय?"

असे सहा फोन. प्रत्येक फोनला तक्रारीचा नवा नंबर. जुना नंबर सांगितला की, "मॅडम, ती तक्रार ग्राहकाचं समाधान झाल्यामुळे बंद झालेली आहे." त्यावर आत्या, "कुठल्या ग्राहकाचं? मला भेटायचंय त्याला."

सतराव्या दिवशी कंपनीचा दुरुस्तीवाला आला. साई नाव. मूळचा यवतमाळचा, राहायला वारज्यात, पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर सकाळपासून तीन घरची बोलणी खाल्ल्याची कळा.

"काकू, कायचा वास येऊन राहिला होता?"

"जळका."

त्याने लोगोखालचं झाकण उघडलं. "अरे बापा. काकू, आत त पुरा कुंकवाचा करंडा सांडला जी."

त्याने फोटो काढले, एका इंग्रजी कागदावर भराभरा काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे केला. "इथं सही करून द्या. मी येऊन गेलो म्हणून."

"चहा तरी घे."

"नाही काकू, अजून दोन ठिकाणी जायचं हाय."

आत्याने सही केली. मुलगा चहासुद्धा न घेता चाललाय, त्याचा आणखी खोळंबा कशाला करायचा, हे कारण. मी शाळेतून यायच्या आत हे सगळं उरकलं होतं.

चार दिवसांनी कंपनीचा ईमेल आला. मी मराठी करून वाचून दाखवला. यंत्राच्या आत लाल पावडर आणि द्रव पदार्थ आढळला. ग्राहकाचा निष्काळजीपणा. वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचा खर्च एकतीस हजार. वरील गोष्टी ग्राहकाने मान्य करून सही केलेली आहे.

"लाल पावडर?" आत्या म्हणाली. तिला एकतीस हजार ऐकूच गेले नव्हते. "कुंकवाला लाल पावडर म्हणतात? आणायच्या वेळी किट, आणि आता पावडर?"

मग तिने पट्टी बांधली आणि लाटणं घेतलं. मशीनवर ओला फडका वाळत टाकला.

समोर घड्याळं दुरुस्त करणारे तात्याराव आहेत. त्यांच्याकडे स्वतःची तीन घड्याळं बंद आहेत, पण सल्ला चोवीस तास चालू. "श्यामलाताई, हप्ताच भरू नका. मशीन बंद तर हप्ता बंद. बघा कसे धावत येतात!" गल्लीत सगळ्यांना ते पटलं. आत्यालाही पटत आलं होतं. पण आईला मंडईत कोणीतरी यमुनाबाईंचं नाव सांगितलं.

यमुनाबाई म्हणजे मंडईमागच्या वाचनालयात मंगळवार-शुक्रवार पाच ते सात बसणाऱ्या ग्राहक संघटनेच्या बाई. वय सत्तरच्या पुढे, पुढ्यात वही, भिंग आणि टाचण्यांची डबी. फी नाही. सहानुभूतीही नाही.

"नाव?"

"श्यामला. त्याचं काय झालं, बाई, माझं हे मनगट..."

"मनगट नंतर. वस्तू काय?"

"पोळ्या लाटायचं मशीन."

"कधी घेतलं?"

"दसऱ्याच्या आदल्या..."

"पंचांग नको. तारीख."

आत्याला कोणी असं बोलतंय हे मी श्वास रोखून बघत होते. आत्या सरळ बसली आणि तारीख सांगायला लागली.

"हप्ते चालू आहेत?"

"ह्या महिन्यापासून बंद करणार आहे."

"करू नका. कर्ज ज्याने दिलं त्याने मशीन बिघडवलेलं नाही. तो करार निराळा, हा निराळा. हप्ता चुकवलात की दोघांशी भांडण. एकाशीच नीट भांडा."

मी मनातल्या मनात तात्यारावांचं चौथं घड्याळ बंद पाडलं.

"बिल दुकानाच्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. "ते म्हणतील हा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही."

"ग्राहक नाही? मग पैसे घेताना मॅम मॅम कोणाला म्हणत होता तो?"

"स्वतःचं पोट भरायला स्वतः राबत असाल तर कायद्याने ग्राहकच. नोकर किती?"

"एकही नाही. दोन हात आहेत. त्यातला एक अर्धा."

बाईंनी पहिल्यांदा वहीतून मान वर केली, पट्टीकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "हे असंच लिहायचं. बिलाच्या मागे काय छापलंय? 'सर्व वाद फक्त आमच्या शहरातल्या न्यायालयात.' छापू देत. तुम्ही राहता तिथे, पुण्यात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत. ही सही कोणाची?"

"माझी."

"वाचलंत?"

"इंग्रजी होतं."

"म्हणून न वाचता?"

"तो चहा न घेता चालला होता हो. यवतमाळचा मुलगा."

"त्या दिवशी यवतमाळहून आला होता?"

"नाही. वारज्याहून."

बाईंनी एक टाचणी उचलली आणि शांतपणे कागदात खुपसली. मला वाटलं, आत्यातच खुपसणार. "कुंकू कोणी लावलं?"

"मी."

"ते पहिल्या परिच्छेदात लिहायचं."

"अहो, पण ते आपल्याच विरुद्ध जाणार!"

"खरं आहे ना? मग आपण आधी सांगायचं. त्यांनी सांगितलं की तो शोध ठरतो. नारळ कोणी फोडला?"

"अभयने. कंपनीचा. त्यांचाच नारळ, त्यांच्याच मशीनवर."

"पुरावा?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली, मी आत्याकडे. आणि मला एकदम ते "मॅम, स्माईल" आठवलं. मी तिथेच फोनवर कंपनीचं पान उघडलं. 'परिवारात हार्दिक स्वागत!' असे फोटो एकाखाली एक. प्रत्येक फोटोत एक मशीन, एक भांबावलेलं गिऱ्हाईक आणि एक फुटलेला नारळ. घाटकोपरच्या ताई, सांगलीचे काका, कुठल्याशा आश्रमाचे महाराज. खाली खाली जाता जाता आमची आत्या सापडली. डोळे मिटलेले, नाकावर नारळाचं पाणी. अभयच्या हातात नारळ, आणि लोगोवरचे थेंब इतके स्वच्छ की बाईंनी भिंगाने मोजले.

"सात," बाई म्हणाल्या. "तारखेसकट जपून ठेव. आत्ता. घरी जाऊन नव्हे."

"फोटोत मी किती वाईट दिसतेय," आत्या म्हणाली.

"ग्राहक असाच दिसतो," बाई म्हणाल्या.

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. चौथ्या दिवशी कंपनीच्या पानावरचे सगळे नारळ गायब झाले. पंधराव्या दिवशी एका जड आवाजाच्या साहेबांचा फोन. "बाई, चूक आपलीच आहे, पण सदिच्छा म्हणून कंपनी दुरुस्तीचा अर्धा खर्च माफ करायला तयार आहे."

"सदिच्छा तुमच्याकडेच ठेवा. मला मशीन द्या."

मग ग्राहक आयोगात तक्रार. एवढ्या रकमेला फी नाही आणि वकीलही लागत नाही, असं बाई म्हणाल्या. लागतो तो संयम. ऑनलाइन भरायची म्हणून ते माझ्याकडे आलं. फाइल मोठी आहे. फाइल लहान करा. फाइल दिसत नाही. ओटीपी आत्याच्या फोनवर, आत्या खाली, मी वर. "आत्या, ओटीपी!" "कणकेत हात आहेत!" वेळ संपली, पुन्हा सुरुवातीपासून. आयोगाने आमचं ऐकून घ्यायच्या आधी आम्ही दोघींनी एकमेकींचं पुरेसं ऐकून घेतलं.

पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला आले आणि मुदत मागून गेले. दोन्ही वेळा आत्याने केंद्र बंद ठेवलं, शटरवर पाटी लावली: 'आज पोळ्या नाहीत. कारण विचारू नये, लांबलचक आहे.'

ह्या सगळ्यात मनगट काही तारखांसाठी थांबलं नव्हतं. अडीचशेच्या पोळ्या दीडशे झाल्या, फेब्रुवारीत नव्वद. दीड वाजता येणाऱ्या माणसाला तीनदा हात हलवत परत जावं लागलं आणि तो काही बोलला नाही, तेव्हा आत्याला जास्त लागलं. एप्रिलमध्ये एका सकाळी खालून दाणकन आवाज आला. मी धावत गेले तर पोळपाट जमिनीवर, दोन तुकडे, आणि आत्या आपल्या उजव्या हाताकडे असं बघत होती जसं कोणी उशिरा आलेल्या कामवालीकडे बघतं.

"पकडला होता मी," ती म्हणाली. "नीट पकडला होता."

तिसरी तारीख जूनमध्ये. आयोगाच्या बाहेर बाकावर आत्या, यमुनाबाई आणि सुट्टी म्हणून मी. समोरच्या बाकावर कंपनीचे वकील, आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात साई. त्याचा तो लाल पावडरवाला कागद खरा आहे असं सांगायला आणलेला. आम्हाला बघून तो उठूनच आला.

"काकू, हात कायले बांधला?"

"तुझं मशीन बंद आहे म्हणून."

"अजून नाही झाली? मले वाटलं बोर्ड बदलून देला असन."

"कुंकू आहे ना आत. म्हणून नाही देत."

साई हसला. अगदी मनापासून. "कुंकू त सगळ्याच मशीनमधी निंगते जी काकू! कुंकू नसलेली मशीन म्या अजून खोललीच नाही. नारळ त कंपनीच देते ना. बोर्ड जळून राहिले ते फक्त दसऱ्याच्या लॉटचे. पुण्यातच बारा बदलले म्या."

"साई!" वकील ओरडले.

"काय झालं सर? खरंच त सांगून राहिलो."

यमुनाबाईंनी पिशवीतून वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून गोड आवाज ऐकला. "किती म्हणालास, बाळा? बारा?"

वकील मधे येऊन उभे राहिले. घाम पुसला. "हे पाहा, आपण बसून बोलू या का?"

"आठ महिने आम्ही बसलोच होतो," आत्या म्हणाली. "तुम्ही आला नव्हतात."

बसून बोलणं दोन तास चाललं. नवीन मशीन, नव्याने एक वर्षाची वॉरंटी आणि त्रासाबद्दल काही हजार. कंपनी चूक कबूल करणार नाही, ही त्यांची अट. आत्याला कबुली नकोच होती. तिने शेवटी एकच विचारलं.

"आणि मनगटाचं काय?"

"मॅडम," वकील म्हणाले, आणि शप्पथ सांगते, ते चेष्टा करत नव्हते, "मनगट वॉरंटीत येत नाही."

आत्याने पट्टी घट्ट केली आणि पिशवी उचलली.  

परवा मशीन आलं. अभयने म्हणे नोकरी बदलली, आता तो बेसिकली फ्लॅट विकतो. साईच घेऊन आला, आणि त्याच्या हातात तीच कापडी पिशवी. आत रिबन बांधलेला नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. कंपनीने इतकं सगळं होऊन किट बदललेलं नाही.

"इथं सही करून द्या काकू."

"मैत्री, वाच," आत्या म्हणाली. "बस रे साई. चहा घे."

"काकू, मले अजून दोन..."

"बस."

मी चारही पानं मोठ्याने मराठी करत वाचली. साईचे दोन चहा झाले. कलम चौदा: यंत्राजवळ कोणतीही पावडर किंवा द्रव पदार्थ नेऊ नये.

"पोळ्यांचं मशीन आहे ना हे?" आत्या म्हणाली. "कणीक काय असते मग? गोटे?"

"मले का माहीत जी," साई म्हणाला.

आत्याने ते कलम त्याच्याकडून खोडून घेतलं. खाली त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतलं: नारळ कंपनीने आणला, फोडला नाही. कुंकू लावलेलं नाही. मशीन चालवून दाखवलं. त्याची सही आधी, मग तिची. पेन उजव्या हातात धरलं, पहिलं अक्षर वेडंवाकडं निघालं आणि पेन गळून ओट्याखाली गेलं. तिने ते डाव्या हाताने उचललं आणि डाव्यानेच सही पुरी केली.

"काकू, जुन्या सहीसारखी नाही झाली जी."

"जुनी न वाचता केली होती."

साई गेला. नारळ आत्याने माझ्याकडे दिला, खवायला. उद्या घेवड्याच्या भाजीत घालायचा म्हणाली. मग मशीनकडे वळली. कपाळ कोरं ठेवून. तिला ते जड गेलं असणार, कारण कुंकवाचा करंडा तिने दोनदा उघडला आणि दोनदा मिटला.

उंडा डाव्या हाताने ठेवला, हँडल डाव्याने दाबलं. गोल पोळी बाहेर आली, कडा जराशी जाड. उजवा हात एवढा वेळ ओट्यावर आपला आपण फिरत होता, जिथे बावीस वर्षं लाटणं असायचं तिथपर्यंत जाऊन परत येत होता. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"बघतेस काय? तवा तापलाय. भाजायला घे. आणि जाळू नकोस, दीड वाजता तो येणार आहे."